उपरेपणाचे किरकोळ त्रास

परदेशी गेलेल्या आपल्या माणसांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले, तर एक गोष्ट ध्यानात येते. मोठ्या दुःखांविषयी ती सहसा बोलत नाहीत. वडिलांच्या दफनविधीला पोहोचता आले नाही, मुलांना आजीची बोली समजेनाशी झाली, नाताळच्या रात्री घर आठवून घास घशाखाली उतरला नाही, ही शल्ये ती मनाच्या तळाशी ठेवून देतात. फोनवर अर्धा-पाऊण तास सांगतात ते निराळेच असते. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकावा लागतो आणि चुकीच्या दिवशी टाकला की शेजारीण दारावर चिठ्ठी लावते. दुकान नेमके आपण पोहोचतो तेव्हा बंद असते. सुके बोंबील भाजले की वरच्या मजल्यावरून तक्रार येते. कार्यालयातल्या खिडकीवरून कागद पुन्हा पुन्हा परत येतात. आपले नाव कोणालाही धड उच्चारता येत नाही.

ज्या घरातले एकही माणूस आखातात, युरोपात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात नाही, असे घर आपल्या धर्मग्रामांत आता विरळाच. तेव्हा या तक्रारी बहुतेकांच्या परिचयाच्या आहेत. प्रश्न असा, की हा नीतिविचाराचा विषय होऊ शकतो काय? मृत्यू, अन्याय, दारिद्र्य यांचा विचार करणे आपण समजू शकतो. पण बसचे तिकीट आणि बंद दुकान यांत धर्माने लक्ष घालावे असे काय आहे?

अशा तक्रारींना आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले व्यवहारी उत्तर: "पैसा मिळतो आहे ना, मग एवढे चालायचेच." दुसरे धार्मिक: "देवाच्या चरणी अर्पण कर." दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. तथापि ऐकणाऱ्याला विषय लवकर संपवायचा असतो, म्हणूनही ती पुष्कळदा दिली जातात. एवढ्याशा गोष्टीने धडधाकट माणूस रडकुंडीस का यावा, याची चौकशी दोन्ही उत्तरे करीत नाहीत. आणि हा त्रास कोणी देत असतो, त्या देणाऱ्याचे काही कर्तव्य आहे की नाही, हेही ती विचारीत नाहीत.

२००४ ते २००७ या काळात उच्च शिक्षणासाठी माझे वास्तव्य रोममध्ये होते. ख्रिस्तसभेच्या मध्यवर्ती नगरीत राहण्याचे भाग्य लाभले याबद्दल मी परमेश्वराचा ऋणी आहे. परंतु प्रेषितांच्या समाधीपाशी पोहोचायचे तर बसनेच जावे लागते, आणि त्या बसचे तिकीट त्या काळी बसमध्ये नव्हे, तर तंबाखूच्या दुकानात मिळे. ते विकत घेऊन खिशात ठेवल्याने भागत नसे. बसमधील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागे. बिनशिक्क्याचे तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि त्याचा दंड ठरलेला. वास्तव्याच्या परवान्यासाठी देशात पाऊल ठेवल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला लागणारा महसुली मुद्रांकही पुन्हा तंबाखूच्याच दुकानात मिळतो. कॉफीच्या अनेक दुकानांत आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, मग पावती कॉफी करणाऱ्यापुढे ठेवायची. उभ्याने प्यायली तर एक दर, टेबलाशी बसून प्यायली तर दुसरा. जेवणानंतर फेसाळ दुधाची कॉफी मागितली, की वाढपी अशा नजरेने पाहतो, की आपण सोलकढी चहात ओतली असावी. दुपारी लहान दुकाने बंद. १५ ऑगस्टच्या आसपास, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, तर अर्धे शहर कुलूपबंद असते. सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. १८ मध्ये घालून दिलेल्या विश्रांतीची ती परंपरा रोमकर अजून निष्ठेने पाळतात. वाहतुकीचा संप पुकारला गेला, तरी दिवसातले काही तास बस धावेल अशी तरतूद असते. ते तास कोणते, हे शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, नवख्याला मात्र बसच्या थांब्यावर उभे राहून कळते.

यांपैकी एकही गोष्ट वाईट नाही. प्रत्येकीला कारण आहे, काहींना तर चांगले कारण आहे. तरीही त्या टोचतात. त्यांहूनही सूक्ष्म असा एक काटा होता, तो भाषेचा. इटालियन भाषेत आपल्याप्रमाणेच एकेरी आणि आदरार्थी संबोधनांचा भेद आहे. एकेरी संबोधन उच्चारानेही आपल्या 'तू'सारखेच आहे. आदरार्थी संबोधन 'लेई'. एका कार्यालयातील खिडकीमागचा कर्मचारी माझ्यापुढच्या इटालियन गृहस्थाला 'लेई' म्हणे आणि माझी पाळी आली की 'तू'वर उतरे. थंडीचा गळपट्टा सैल करताना माझ्या गळ्यातील धर्मगुरूंची पांढरी पट्टी दिसली, की त्याची भाषा पुन्हा 'लेई'वर येई. त्याने माझा अर्ज तीन वेळा परत केला. एकदा छायाचित्रासाठी, एकदा पारपत्रावरील नाव आणि आडनाव यांच्या क्रमासाठी, आणि तिसऱ्या वेळी कारण न सांगता. त्या तिन्ही फेऱ्यांपेक्षा तो 'तू' माझ्या अधिक ध्यानात राहिला आहे.

असे का व्हावे? मायदेशी आपल्याला काही कमी त्रास होत नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी घातलेले हेलपाटे, विरार लोकलच्या दारातली रेटारेटी, ऐन उन्हाळ्यात न येणारे नळाचे पाणी, हे सारे रोमच्या बसपेक्षा कितीतरी अधिक जाचक आहे. मात्र इथे त्रास सोसणारा माणूस कोणीतरी असतो. तो अमक्याचा मुलगा, तमक्या आळीतला, अमुक शाळेतला मास्तर असतो. रांगेत कोणी तरी ओळखीचे भेटते, दोघे मिळून सरकारला शिव्या घालतात आणि निम्मा त्रास तिथेच विरतो. परक्या शहरात त्रास तेवढाच असतो, पण त्याखालची ही गादी काढून घेतलेली असते. माणूस एकाएकी कोणाचाच कोणी राहत नाही. खिडकीवरून परत आलेल्या कागदाबरोबर त्याला जणू सांगितले जाते, की तू येथे गृहीत धरलेला नाहीस. लहान गोष्ट मोठी होते ती यामुळे. खडा लहानच असतो, पण तो चपलेत असतो आणि चालणे तर टळत नाही.

पवित्र शास्त्राला हा अनुभव ठाऊक आहे. 'गणना' या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात इस्राएली लोक वाळवंटात रडू लागतात. समुद्र दुभंगून ज्यांना वाट मिळाली ते लोक मासळी, काकड्या, कलिंगडे, कांदे आणि लसूण यांच्या आठवणीने व्याकूळ होतात. प्रवचनांतून या कांदा-लसणाची आपण थट्टा करतो. पण परमुलखात राहिलेल्या माणसाला ती थट्टा वाटत नाही. मात्र या कथेत एक इशाराही आहे. ज्या इजिप्तमधील लसूण त्यांना आठवत होता, तिथे ते गुलाम होते, हे त्या क्षणी त्यांना आठवत नव्हते. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसे दुरून घरही दिसते. रोमच्या रांगेत उभे राहून वैतागलेल्या माणसाला तलाठी कार्यालयदेखील प्रेमळ वाटू लागते! चिडलेल्या मनाची साक्ष म्हणूनच पूर्णपणे ग्राह्य धरता येत नाही.

याच रोममध्ये सोळाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतून एक शिक्षक आला होता. ऑगस्टीन त्याचे नाव. कार्थेजमधील विद्यार्थ्यांच्या दांडगाईला कंटाळून, रोममधील विद्यार्थी शिस्तीचे असतात असे ऐकून तो ३८३ साली येथे आला. येताच आजारी पडला. विद्यार्थी खरेच शांत निघाले. परंतु फी देण्याची वेळ आली, की संगनमत करून ते दुसऱ्या शिक्षकाकडे निघून जात. 'आत्मनिवेदना'च्या पाचव्या भागात हा वैताग त्याने नमूद करून ठेवला आहे. पुढे मिलानमध्ये असताना आपल्या आफ्रिकी उच्चारांना इटलीचे लोक नावे ठेवतात, असेही त्याने एके ठिकाणी लिहिले आहे. ख्रिस्तसभेच्या सर्वश्रेष्ठ आचार्यांपैकी एकाला बुडालेली फी आणि हिणवलेले उच्चार टोचले होते, ही गोष्ट आपल्या परदेशस्थ मुलांना दिलासा देणारी आहे. मिलानमध्ये शिक्षकाची जागा निघताच ३८४ साली तो रोम सोडून तिकडे गेला. तेथे त्याची गाठ बिशप अँब्रोज यांच्याशी पडली आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा स्नानसंस्कार झाला. फी बुडवणाऱ्या पोरांचाही देवाने उपयोग करून घेतला, असे ऑगस्टीन मागे वळून पाहताना म्हणू शकला. पण हे मागे वळून पाहिल्यावरच म्हणता येते. ज्याची फी आज बुडाली आहे त्याला "यात देवाची योजना असेल" असे चटकन सांगू नये.

मग त्या दिवशी त्याने काय करावे? परंपरेचे उत्तर आहे: सहनशीलता. या शब्दाचा अर्थ मात्र आपण फार पातळ करून टाकला आहे. संत थॉमस अक्वायनस सहनशीलतेला धैर्याच्या सद्गुणाचा भाग मानतात. त्यांच्या मते दुःखाने आपल्या विवेकबुद्धीला पाडू नये म्हणून मनाची जी राखण करतो तो हा सद्गुण. म्हणजे सहनशील माणसाला त्रास कळतो, तो त्रासाला त्रासच म्हणतो. फक्त त्या त्रासाच्या हाती आपल्या बुद्धीची किल्ली देत नाही. संत फ्रान्सिस द साल यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण केले आहे. काही माणसे मानमरातब मिळवून देणारी दुःखे आनंदाने सोसतात. पण त्यांचे प्रेम दुःखावर नसून मानावर असते. किरकोळ त्रासाला असा मान नाही. आजारपणात सोसले तर लोक कौतुक करतात; बसच्या थांब्यावर सोसले ते कोणाला दिसतही नाही. बाळ येशूच्या संत तेरेजेला हे नेमके उमगले होते. लिझ्यूच्या मठात ध्यानाच्या वेळी मागे बसलेली एक भगिनी सतत बारीकसा आवाज करी. मागे वळून एक कटाक्ष टाकला असता तर तो थांबला असता. तेरेजेने तसे केले नाही. तो आवाज संगीत म्हणून ऐकण्याचा प्रयत्न करता करता ती घामाने निथळली. कपडे धुताना समोरच्या भगिनीकडून मळक्या पाण्याचे शिंतोडे तोंडावर येत, तेही तिने चेहरा मागे न घेता झेलले. चोविसाव्या वर्षी निवर्तलेल्या या मुलीला १९९७ साली ख्रिस्तसभेने आचार्यपद बहाल केले, त्यामागे अशा शिंतोड्यांचाही हिशेब आहे.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तेरेजेने सहनशीलता स्वतःसाठी निवडली. तिने ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारली नाही. रोममध्ये मी विद्यार्थी होतो. राहायला छप्पर, जेवायला पंगत, आणि गळ्यातील पट्टी होती. त्याच रांगेत घरकामासाठी आणि वृद्धांच्या सेवेसाठी आलेल्या स्त्रिया उभ्या असत: फिलिपिन्सच्या, पेरूच्या, श्रीलंकेच्या, केरळच्या, कधी आपल्या गोव्याच्याही. इटलीत घरकाम करणाऱ्यांना प्रथेप्रमाणे गुरुवारी दुपारी आणि रविवारी सुटी मिळते. त्या रविवारी सान्ता पुदेन्झियाना या प्राचीन चर्चमध्ये फिलिपिनो बांधवांची मिस्सा असते. मिस्सेनंतर अंगणात ज्या मोकळ्या गप्पा व हशा ऐकू येई, त्यावरून आठवडाभर या स्त्रिया किती गप्प राहत असतील याचा अंदाज येई. ज्या दिवशी परवान्याचा कागद परत येतो, त्या दिवशी माझे एक व्याख्यान बुडे. तिची दिवसाची मजुरी, कधी नोकरीही बुडण्याचा धोका असे. एकच खिडकी, एकच अधिकारी, एकच 'तू'. पण वजन निराळे. तिला सहनशीलतेचा उपदेश करणारा मी कोण? आणि खिडकीच्या पलीकडे बसलेल्याने तो करणे तर त्याहून अनुचित. सहनशीलता हा सद्गुण ज्याचा त्याने आपल्यासाठी घ्यावयाचा असतो. त्रास देणाऱ्याने तो दुसऱ्याला शिकवू लागणे हा ढोंगीपणा आहे.

कोणता त्रास सोसावा आणि कोणता सोसू नये, याचा उलगडा मला ऑगस्टीनपेक्षा त्याच्या आईच्या चरित्रात अधिक सापडतो. संत मोनिका समुद्र ओलांडून मुलापाठोपाठ मिलानला आली. आज बाळंतपणासाठी किंवा नातवंडे सांभाळण्यासाठी टोरोंटोला, दुबईला जाणाऱ्या आपल्या आयांनी तिला आपली आश्रयदाती मानायला हरकत नाही. आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे हुतात्म्यांच्या समाधींवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन ती निघाली, तेव्हा द्वारपालाने तिला अडवले. बिशपांनी ही प्रथा बंद केली होती. तिच्या निमित्ताने मद्यपान माजे आणि ती मूर्तिपूजकांच्या पितरांच्या विधीसारखी दिसे. आयुष्यभर पवित्र मानलेली गोष्ट परक्या शहराच्या दारात निषिद्ध ठरावी, यापेक्षा जिव्हारी लागणारा किरकोळ प्रसंग कोणता? मोनिकेने ते मानले आणि तो खाऊ गरिबांना देऊ लागली. ऑगस्टीन येथे मुलाच्या चाणाक्षपणाने पुस्ती जोडतो, की जिच्या मनात अँब्रोज यांच्याविषयी एवढा जिव्हाळा होता तिनेच हे ऐकले. दुसऱ्या कोणी मनाई केली असती तर कदाचित ती एवढ्या सहजपणे वाकली नसती. ज्या शहरात एक तरी माणूस आपल्याला आपला वाटतो, त्या शहराचे नियम पाळणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट उपवासाची. शनिवारी उपवास करण्याची प्रथा रोममध्ये होती, मिलानमध्ये नव्हती. मोनिकेचा गोंधळ उडाला. तिच्या वतीने ऑगस्टीनने विचारले, तेव्हा अँब्रोज यांनी सांगितले, की आपण रोमला जातो तेव्हा शनिवारी उपवास करतो, मिलानमध्ये असतो तेव्हा करीत नाही. ज्या ठिकाणच्या मंडळीत आपण जाऊ तिथली रीत पाळावी. आपल्याकडची 'देश तसा वेश' ही म्हण जवळजवळ हेच सांगते. परंतु अँब्रोज हे रीतीविषयी बोलत होते, हे विसरू नये.

परक्या शहरातील त्रासांचे म्हणूनच तीन ढीग करावेत असे मला वाटते. पहिला ढीग रीतीचा. दुपारी बंद होणारी दुकाने, कचऱ्याचे वार, कॉफीची वेळ, वामकुक्षीच्या वेळी आवाज न करणे, हे सारे त्यात येते. येथे पाहुण्याने घराची रीत शिकावी. शिकण्यात कमीपणा नाही, आणि शिकल्यावर त्रासही उरत नाही. दुसरा ढीग गैरसोयीचा: थंडी, रांगा, संप, भाषेची अडचण. ही तिथल्या माणसांच्याही वाट्याला येते. ती त्यांच्यासोबत सोसावी, आणि जमेल तर हसत सोसावी. तिसरा ढीग अवमानाचा आणि अन्यायाचा. चामडीच्या रंगावरून बदलणारे संबोधन, कारण न देता परत केलेला अर्ज, कमी दिलेली मजुरी, दडवून ठेवलेले पारपत्र यांचा त्यात समावेश होतो. हे सोसणे म्हणजे सहनशीलता नव्हे. येथे शांतपणे, पण स्पष्ट बोलणे, साथीदार शोधणे, कायद्याची मदत घेणे हेच धैर्य. अडचण एवढीच, की वैतागलेल्या मनाला तिन्ही ढीग एकच दिसतात. कॉफीचा नियम त्याला वंशद्वेष वाटतो, आणि खरा अवमान मात्र तो "चालायचेच" म्हणून गिळतो. हे तीन ढीग रोज रात्री वेगळे करणे हे परदेशी राहणाऱ्याचे आत्मपरीक्षण होय.

येथवर उपऱ्याचा विचार झाला. आता द्वारपालाचा करू, कारण आपण बहुतेक जण आयुष्याचा अधिक काळ दारात उभे असतो. आपण ज्याला 'पॅरिश' म्हणतो त्या शब्दाचे मूळ 'पारोइकिया' या ग्रीक शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ परमुलखातील तात्पुरते वास्तव्य, उपऱ्यांची वस्ती. आरंभीचे ख्रिस्ती स्वतःला या जगात पाहुणे समजत, म्हणून त्यांच्या मंडळीला हे नाव पडले. आज आपल्या धर्मग्रामाच्या सीमेत आपण पिढ्यान्‌पिढ्यांचे मालक आहोत आणि नव्या इमारतींतून राहायला आलेले तमिळ, मल्याळी, मंगळूरकर, छोटा नागपूरहून घरकामासाठी आलेल्या आदिवासी ख्रिस्ती मुली, हे उपरे आहेत. त्यांना आपल्याकडे कोणते किरकोळ त्रास होतात, याची यादी आपल्यापैकी कोणी केली आहे काय? चर्चच्या फलकावरील सूचना त्यांना वाचता येत नाहीत. मिस्सेनंतर घोळके जमतात, त्यात त्यांना कोणी ओढून घेत नाही. दाखल्यासाठी ती कार्यालयात येतात तेव्हा अमुक कागद आणा, तमुक वेळी या, असे त्यांनाही ऐकावे लागते.

आणि त्यांच्याशी आपण कोणत्या संबोधनाने बोलतो? आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आपण अहो-जाहो करतो. पण इमारतीच्या साठ वर्षांच्या पहारेकऱ्याला आपली बारा वर्षांची मुले "ए" म्हणून हाक मारतात. हिंदीत 'भैय्या' म्हणजे भाऊ. भावाचा वाचक असलेला हा शब्द आपण हेटाळणीचा करून टाकला, ही भाषेची नव्हे तर मनाची घसरण आहे. रोमच्या खिडकीवरील 'तू' ज्यांच्या मुलांना आज परदेशात टोचतो आहे, त्यांनी तरी हा शब्द जपून वापरावा. मुंबईत मासे-मटण खाणाऱ्यांना घर नाकारणाऱ्या सोसायट्यांचा अनुभव आपल्याला आहे. तसा नकार दुसऱ्या कोणाला त्याच्या धर्मामुळे वा प्रांतामुळे देताना तो अनुभव आपल्याला आठवावा. उपऱ्याचे मन कसे असते हे तुम्हांला ठाऊक आहे, कारण तुम्हीही इजिप्तमध्ये उपरे होता, असे परमेश्वराने आपल्या प्रजेला बजावले आहे. आज्ञेसाठी त्याने दिलेले कारण अनुभवाचे आहे.

यावर आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. वसईच्या बागा उठल्या, विहिरी खाऱ्या झाल्या, आपली बोली आपल्याच गावात परकी होत चालली. मग पाहुणचाराच्या गोष्टी किती करायच्या? या भीतीला आधार आहे. हरित वसईसाठी आपल्या माणसांनी जो लढा दिला तो न्याय्य होता. परंतु तो लढा कोणाशी होता? जमिनी गिळणाऱ्यांशी आणि नियोजन वाऱ्यावर सोडणाऱ्यांशी. कर्ज काढून दोन खोल्या घेतलेल्या कारकुनाशी आपले भांडण नव्हते. पाण्यासाठी आंदोलन करावे, मराठी मिस्सेसाठी आग्रह धरावा, बोलीतील गाणी जतन करावीत. आणि त्याच वेळी शेजारच्या बाकावर आलेल्या नवख्या कुटुंबाला सरकून जागा द्यावी. या दोन गोष्टींत विरोध नाही. उलट ज्याला आपल्या घराची खात्री आहे तोच दार मोकळेपणाने उघडू शकतो.

आपली भाषा एका उपऱ्याने किती मायेने आपलीशी केली, हे आपण जाणतोच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुईट १५७९ साली गोव्यात उतरला. उकाडा, अन्न, उच्चार यांचे किरकोळ त्रास त्यालाही झाले असतीलच. चाळीस वर्षे तो येथे राहिला आणि १६१६ साली त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. परक्या जिभेने मराठीचे गुणगान केले, ते पुस्तकांतून शिकूनच नव्हे. ज्यांनी त्याचे बोबडे बोल हसून, पण तिरस्कार न करता ऐकून घेतले, अशी माणसेही त्याला येथे भेटली असली पाहिजेत. आपल्या दारात आज चुकीची मराठी बोलणाऱ्याला आपण चटकन हिंदीत उत्तर देतो आणि मग तो मराठी शिकत नाही म्हणून तक्रार करतो!

मोनिकेला घरी परतता आले नाही. परतीच्या जहाजाची वाट पाहत असताना ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात तिला मृत्यू आला. पतीशेजारी आपले दफन व्हावे ही तिची जुनी इच्छा होती. शेवटी मात्र तिने मुलांना सांगितले, की देह कोठेही ठेवा, देवापासून कोणतेही ठिकाण दूर नाही. तिचे अवशेष आज रोममधील संत ऑगस्टीनच्या चर्चमध्ये आहेत. त्याच चर्चमध्ये काराव्हाज्जो या चित्रकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी काढलेले एक चित्र आहे. मरियामाता बाळाला कडेवर घेऊन घराच्या उंबरठ्यावर उभी आहे आणि दोन यात्रेकरू तिच्यापुढे गुडघे टेकून आहेत. यात्रेकरूचे मळलेले, अनवाणी तळवे थेट पाहणाऱ्याच्या तोंडापुढे येतात. त्या काळी लोकांनी या मळक्या पायांवरून बरीच ओरड केली. ज्या स्त्रीला मिलानच्या दारात अडवले गेले, तिच्या समाधीपासून काही पावलांवर उंबरठ्यात उभी असलेली ही माता कोणाचेही पाय तपासत नाही.

पुनरुत्थानाच्या दिवशी अम्माऊसच्या वाटेवर शिष्यांनी प्रभूला काय म्हटले? यरुशलेमेत तू एकटाच उपरा आहेस काय, असे त्याला विचारले. 'पॅरिश' ज्या मुळातून आला त्याच मुळाचे क्रियापद संत लूकने येथे वापरले आहे. त्या उपऱ्याला त्यांनी संध्याकाळी आग्रहाने घरात घेतले, म्हणून भाकर मोडताना त्यांना त्याची ओळख पटली. त्यांनी त्याला वाटेवरच निरोप दिला असता तर?

तेव्हा परदेशातून मुलाचा फोन येईल आणि तो कचऱ्याच्या डब्याविषयी तक्रार करील, तेव्हा आईवडिलांनी ती धीराने ऐकावी. त्या डब्याआडून तो दुसरे काही सांगत असेल. तीन ढिगांची आठवण त्याला करून द्यावी. आणि फोन ठेवल्यावर आपल्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाचे दार वाजवावे, पाणी किती वाजता येते ते सांगावे, आणि घरातल्या ज्येष्ठाला विचारावे, "तुमचं नाव नीट कसं म्हणायचं?"